कर्नल हरवलाय! तुमच्या नोटबुकच्या पोटातला इतिहास

ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर ही या भागाची लिखित प्रत. बोलताना येणारे ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ जमेल तेवढे काढलेत. थोडे राहिले असतील, चालवून घ्या.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि सोलापूरहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल जमा करायचं होतं. प्रश्न सोपा होता, म्हणजे सांगायला सोपा: कापरेकरांची ६१७४ ची गंमत सगळ्या चार अंकी संख्यांसाठी पायथनमध्ये तपासून दाखवा. तिने कागदावर सगळं मांडलं होतं. पण ज्युपिटर नोटबुक उघडलं की वर उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरात एकच शब्दजोडी: कर्नल एरर.

ती म्हणाली, “दादा, तीन तास झाले. दोनदा अनइन्स्टॉल केलं, परत टाकलं. वर्गात सगळ्यांचं चालतंय, माझंच नाही. मला हे कम्प्युटरचं जमणारच नाही. मी पुढच्या वर्षी हा पेपर सोडते आणि दुसरा घेते.”

शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, “कोण कर्नल? कुणाचं लग्न ठरलं का?”

हसलो, पण बहिणीचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर मी शब्दशः हेच म्हणालो होतो. गणित येत होतं, लॉजिक येत होतं, अडत होतं ते इन्स्टॉलेशनपाशी. आणि इन्स्टॉलेशन अडलं की माणसाला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे.

तर आजचा भाग याबद्दल. माझं म्हणणं एवढंच, की तो लाल एरर हा तुमच्या बुद्धीचा निकाल नाही. ते सॉफ्टवेअर वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी थरावर थर चढवून उभं केलंय. थर कसे चढले हे कळलं, की कुठला थर निसटलाय हे शोधणं सोपं होतं. म्हणून आधी इतिहास, मग दुरुस्ती. बहिणीचं काय झालं तेही सांगतो.

कुलूपबंद बीजगणित

१९६८. अमेरिकेत एमआयटीमध्ये कार्ल एंगेलमन, विल्यम मार्टिन आणि जोएल मोझेस या तिघांनी मॅक्सिमा नव्हे, मॅक्सिमाची आई म्हणता येईल असा एक प्रोग्रॅम सुरू केला. नाव मॅकसिमा, त्यात ‘क’ आहे, गोंधळू नका. तोपर्यंत कम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारं यंत्र अशीच सर्वसाधारण समजूत. या प्रोग्रॅमला तुम्ही एक्सचं समीकरण द्यायचं आणि तो एक्समध्येच उत्तर देणार. अवयव पाडणार, डेरिव्हेटिव्ह काढणार, इंटिग्रेशन करणार. आपण बारावीत जे पानंच्या पानं करतो, ते.

तो लिस्प भाषेत लिहिलेला होता आणि एमआयटीच्या मोठ्या मशीनवर चालायचा. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याचा पूर्वज अर्पानेट. त्यावरून दूरच्या विद्यापीठातले संशोधकही तो वापरायचे. म्हणजे ‘क्लाउडवर गणित’ ही कल्पना आपल्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे.

मग १९८२ मध्ये मॅकसिमाचे दोन रस्ते झाले. एक रस्ता बाजारात गेला: सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीकडे हक्क गेले आणि ते विकत घ्यायचं सॉफ्टवेअर झालं. दुसरी प्रत गेली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे, कारण सरकारचा पैसा त्यात लागला होता. या दुसऱ्या प्रतीवर टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर काम करत राहिले. एखाद दोन वर्षं नाही, १९८२ पासून २००१ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत. १९९८ मध्ये त्यांनी ऊर्जा खात्याकडून परवानगी मिळवली आणि तो कोड जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला केला. तोच आजचा मॅक्सिमा.

बाजारात गेलेल्या प्रतीचं काय झालं? सिम्बॉलिक्स कंपनी बुडाली. ते उत्पादन पुढे दुसऱ्या हातात गेलं आणि हळूहळू विस्मरणात गेलं. ज्या प्रतीमागे कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती, फक्त एक चिवट प्राध्यापक होता, ती आज तुमच्या लॅपटॉपवर फुकट चालते. हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

उत्तर दिसतं, पायऱ्या दिसत नाहीत

१९८० च्या दशकात अशी सॉफ्टवेअर्स वाढली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मेपल तयार झालं. १९८८ च्या जूनमध्ये स्टीफन वुल्फ्रॅम यांचं मॅथेमॅटिका आलं, आणि त्याच्यासोबत एक नवी चीज आली: नोटबुक. एकाच पानावर तुमचं लिखाण, तुमचं सूत्र, त्याचं उत्तर आणि आलेख. आज आपण ‘सेल’ म्हणतो तो प्रकार तेव्हापासूनचा. इथे श्रेय द्यायलाच हवं. नोटबुकची ती रचना पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने आधी लोकांपर्यंत आणली, मोफतवाल्यांनी नंतर.

पण अडचण दुहेरी होती. एक तर किंमत. आणि दुसरी जास्त खोल: आतला कोड बंद. उत्तर मिळतं, पण ते कसं आलं ते पाहता येत नाही.

जर्मनीत आखेनमध्ये योआखिम नॉयब्यूझर नावाचे गणितज्ञ होते. त्यांच्या गटाने १९८६ मध्ये गॅप ही ग्रुप थिअरीची प्रणाली सुरू केली. त्यांचा मुद्दा साधा होता. सायलोचं प्रमेय तुम्ही लायब्ररीतल्या पुस्तकात वाचता, त्याची सिद्धता तपासता आणि जन्मभर वापरता. त्यासाठी कुणी दरवर्षी भाडं मागत नाही. मग तेच प्रमेय वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी भाडं का? आणि सिद्धता लपवलेलं प्रमेय आपण गणितात मान्य करत नाही, तर लपवलेला कोड का मान्य करायचा?

माझ्या मते ओपन सोर्सचा सगळा वाद या एका प्रश्नात येतो. ‘फुकट मिळतं’ हा त्यातला छोटा भाग. ‘तपासता येतं’ हा मोठा.

इथे एक छोटी गोष्ट केमिकल इंजिनीअरिंगवाल्यांसाठी. ऑक्टेव्ह नावाचं मोफत सॉफ्टवेअर ऐकलं असेल, मॅटलॅबसारखं चालणारं. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये त्याचं पूर्ण वेळ काम सुरू केलं. मूळ हेतू काय, तर केमिकल रिअॅक्टर डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सोयीचं साधन मिळावं. आणि नाव? संगीतातल्या सप्तकाशी संबंध नाही. ईटन यांचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील, ज्यांचं रिअॅक्शन इंजिनीअरिंगचं पुस्तक आपल्याकडे केमिकलच्या कित्येक पिढ्यांनी झेरॉक्स काढून वाचलंय, त्यांच्यावरून ठेवलंय. कागदाच्या चिटोऱ्यावर झटपट अंदाजी गणित करण्यात ते वाकबगार होते.

अभ्यास टाळणारा पोरगा

आता आपल्या नोटबुककडे येऊ. २००१. कोलंबियात वाढलेला फर्नांडो पेरेझ अमेरिकेत बोल्डरला फिजिक्समध्ये पीएचडी करत होता. पीएचडी संपवायची सोडून त्याने एक बाजूचं काम काढलं. (हे वाचून ज्यांना आपलंच वर्णन वाटलं, त्यांनी हात वर करा.) पायथनचं टर्मिनल वापरायला त्रास व्हायचा म्हणून त्याने स्वतःपुरता एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. २५९ ओळी. त्याला नाव दिलं आयपायथन. तुम्ही सेलच्या बाजूला चौकटी कंसात आकडा बघता ना, एक, दोन, तीन? ती पद्धत तिथून आली.

साधारण त्याच सुमाराला जॉन हंटर हे मेंदूच्या लहरींवर काम करणारे संशोधक. त्यांना मॅटलॅबसारखे आलेख पायथनमध्ये हवे होते. त्यांनी तशी जोडणी लिहून पेरेझकडे पाठवली. पेरेझने कळवलं, की पीएचडी संपवतोय, काही महिने तरी हे बघायला वेळ नाही. हंटर थांबले नाहीत. त्यांनी ते वेगळं पॅकेज म्हणून २००३ मध्ये प्रसिद्ध केलं. तेच मॅटप्लॉटलिब. आज आपण आलेख काढायला पहिली ओळ लिहितो, ती त्या ‘आत्ता वेळ नाही’मधून जन्माला आली आहे. हंटर २०१२ मध्ये गेले, अगदी ऐन उमेदीत.

ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी पायथनमधली दोन भांडणारी अॅरे पॅकेजेस एकत्र करून नमपाय केलं, २००६ मध्ये १.० आवृत्ती आली. प्रागमध्ये ओंद्रेय चेर्टिक या विद्यार्थ्याने सिम्पाय सुरू केलं, जे एक्स-वायचं बीजगणित निव्वळ पायथनमध्ये करतं. पुढे गुगल समर ऑफ कोडमधून सिम्पायमध्ये भर घालणाऱ्यांत भारतातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली पोरंपोरी भरपूर आहेत.

आता मुद्दा बघा. नमपाय एकाचं, मॅटप्लॉटलिब दुसऱ्याचं, सिम्पाय तिसऱ्याचं, आयपायथन चौथ्याचं. सुरुवातीला तरी कुणालाही त्यासाठी पगार नव्हता. चौघांच्या वर एक साहेब नव्हता. म्हणून तुम्ही जेव्हा म्हणता की ‘हे एका क्लिकवर का बसत नाही’, तेव्हा उत्तर हे आहे: ही एका बिल्डरने बांधलेली सोसायटी नाही. हा जुना वाडा आहे. प्रत्येक पिढीने एक खोली वाढवली, प्रत्येकाने आपली वायरिंग वेगळी केली.

चाक नको, गाडी करू

या वाड्याला एक दिंडी दरवाजा करायचा प्रयत्न केला तो विल्यम स्टाइन यांनी. नंबर थिअरीचे संशोधक. मॅग्मा नावाच्या सिडनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी स्वतः बराच कोड लिहून दिला होता. पण मॅग्मा खुलं नव्हतं. २००५ च्या सुरुवातीला, हार्वर्डमध्ये असताना, त्यांनी सेज सुरू केलं. उद्देश मोठा होता: मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका आणि मॅटलॅब या चार ‘म’ला मोफत, खुला पर्याय.

पण हे चार डोंगर एकटा माणूस कसा खोदणार? स्टाइन यांनी ठरवलं की चाक नव्याने शोधायचं नाही, असलेली चाकं जोडून गाडी बांधायची. इंटिग्रेशनला मॅक्सिमा आहेच, आपल्या शेल्टर सरांचा. ग्रुप थिअरीला गॅप आहे. नंबर थिअरीला फ्रान्सचं पारी आहे. पॉलिनॉमियलला जर्मनीचं सिंग्युलर आहे. हे सगळे आपापली भाषा बोलतात, तर मध्ये दुभाषी म्हणून पायथन ठेवू. तुम्ही सेजमध्ये इंटिग्रेट लिहिता तेव्हा खाली बहुतेक वेळा मॅक्सिमाच काम करतो. म्हणजे १९६८ मधल्या त्या तिघांची लेकरं आज तुमच्या ब्राउझरमागे राबतायत.

सेजने २००६ च्या सुमाराला स्वतःचं ब्राउझरमधलं नोटबुकही काढलं. आयपायथनवाले तोपर्यंत नोटबुक करायचे प्रयत्न करून फसले होते, एकदा नाही, अनेकदा. २०१० मध्ये पेरेझ आणि त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त ब्रायन ग्रेंजर यांनी एक निर्णय घेतला: दाखवणारा भाग आणि गणित करणारा भाग पूर्ण वेगळे करायचे, आणि दोघांनी एकमेकांना फक्त निरोप पाठवायचे. त्या पायावर २०११ च्या डिसेंबरमध्ये आयपायथन नोटबुक आलं.

गणित करणारा भाग वेगळा असल्याने तो पायथनच असायला हवा असं राहिलं नाही. म्हणून २०१४ मध्ये नवं नाव मिळालं: ज्युपिटर. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांवरून. स्पेलिंग मात्र ग्रहाचं नाही, मध्ये आयच्या जागी वाय आहे. टाइप करताना निम्मे लोक इथेच चुकतात. आणि गुरू ग्रहही नावात आहेच, कारण गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र रोज रात्री बघून आपल्या वहीत टिपले होते. निरीक्षण, आकृती आणि मजकूर एकाच पानावर. ती पण नोटबुकच की.

सेजने पुढे स्वतःचं जुनं नोटबुक निवृत्त केलं आणि तेही ज्युपिटरच वापरू लागलं. २०१७ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार ज्युपिटरला मिळाला.

आता दुरुस्ती: खानावळीचं गणित

२०१० चा तो निर्णय आपल्याला का माहीत हवा? कारण तुमचे नव्वद टक्के नाही म्हणत, पण माझे तरी बहुतेक एरर त्या फटीतूनच आले आहेत.

एक खानावळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही टेबलावर बसलाय: तो ब्राउझर. ऑर्डर घेऊन आत-बाहेर करणारा वेटर: तो ज्युपिटरचा सर्व्हर. आणि आत रांधणारा आचारी: तो कर्नल. कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे, बदाम फोडल्यावर आत निघतो तो गर. तिघं वेगळे आहेत. म्हणून बिघाड झाला की पहिला प्रश्न: यातलं कोण अडलंय?

एक. पानच उघडत नाही, किंवा सेव्ह होत नाही. म्हणजे वेटर गेला. नोटबुक सुरू करताना एक काळी खिडकी उघडते, ती ‘उगाच उघडी आहे’ म्हणून आपण बंद करतो. अहो, तोच वेटर आहे, त्याला राहू द्या. पानाने टोकन मागितलं, तर त्याच काळ्या खिडकीतली लांब लिंक पूर्ण कॉपी करून ब्राउझरमध्ये टाका.

दोन. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. पिपने तर आत्ता इन्स्टॉल केलं, मग सापडत का नाही? कारण लॅपटॉपवर दोन पायथन आहेत आणि भाजी दुसऱ्याच आचाऱ्याच्या घरी पोचली. सेलमध्ये सिस मॉड्यूल इम्पोर्ट करा आणि सिस डॉट एक्झिक्युटेबल चालवा. आत्ता कोण रांधतोय त्याचा पत्ता छापून येईल. मग त्याच सेलमध्ये टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटून पिप, मग इन्स्टॉल आणि पॅकेजचं नाव. टक्क्याच्या चिन्हाने भाजी याच आचाऱ्याकडे जाते. टर्मिनलमधून करायचं तर नुसतं पिप लिहू नका, ‘पायथन हायफन एम पिप इन्स्टॉल’ लिहा. आज्ञा इंग्रजीतच टाइप करायच्या, हे वेगळं सांगायला नको.

तीन. ‘कर्नल एरर’. वेटरकडे एक छोटी वही असते. तिच्यात प्रत्येक आचाऱ्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ही वही म्हणजे कर्नल डॉट जेसन नावाची फाइल, आणि ती कुठे आहे ते ‘ज्युपिटर कर्नलस्पेक लिस्ट’ या आज्ञेने दिसतं. तुम्ही जुना पायथन काढून नवा टाकला, की आचाऱ्याने घर बदललं. पण वहीत जुनाच पत्ता राहू शकतो. वेटर तिथे जातो, दाराला कुलूप.

चार. उत्तर येतं, पण चुकीचं येतं. बाजूचे आकडे बघा. सातवा सेल तिसऱ्याच्या वर आहे? म्हणजे तुम्ही वर-खाली उड्या मारत सेल चालवलेत आणि आचाऱ्याच्या डोक्यात जुनी ऑर्डर राहिली. कर्नल मेनूत जाऊन रीस्टार्ट करून सगळे सेल पहिल्यापासून चालवा. जमा करण्याआधी हे एकदा कराच.

पाच. सेज वापरताय असं वाटतंय, पण वापरत नाही आहात. ही माझी आवडती चाचणी. दोन, मग टोपीचं चिन्ह, मग दहा. सेजमध्ये उत्तर येतं १०२४, कारण तिथे टोपी म्हणजे घात. साध्या पायथनमध्ये उत्तर येतं ८, कारण तिथे टोपी म्हणजे बिटांवरची एक वेगळीच क्रिया. एरर येत नाही, हे जास्त धोक्याचं. ८ दिसलं तर कर्नल मेनूतून सेजमॅथ निवडा. विंडोजवर सेज हवं असेल तर आधी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स, चालू करावं लागतं.

आणि सहावं, फुकटचा सल्ला: स्वतःच्या फाइलला सिम्पाय किंवा रँडम असं नाव देऊ नका. पायथन खरं पॅकेज सोडून तुमचीच फाइल उचलतो. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

पवईतून आलेला आवाज

या इतिहासात आपला भाग कुठे? मुंबईत पवईला. आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालणारा. केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी त्यात पुढाकार घेतला. पायथनच्या बाजूला एरोस्पेसचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन. त्रिमितीय चित्रण करणारं मायावी हे पायथन पॅकेज त्यांचं, जगभर वापरलं जातं.

फॉसीची एक कल्पना मला फार आवडते: टेक्स्टबुक कंपॅनियन. विद्यार्थ्याने एखादं प्रमाण पाठ्यपुस्तक घ्यायचं, त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये किंवा पायथनमध्ये कोड करायची, आणि तपासून झाल्यावर ती सगळ्यांसाठी खुली ठेवायची. केलेल्या कामाचं मानधनही मिळायचं. म्हणजे ओपन सोर्समध्ये भर घालायला तुम्ही पेरेझ किंवा स्टाइन असायला लागत नाही. परीक्षेसाठी सोडवता तीच गणितं पुरतात.

आणि त्याच संस्थेतून स्पोकन ट्युटोरियल निघालं. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर इंग्रजीत, पण समजावणारा आवाज भारतीय भाषांत. मराठीतही. मी हॉस्टेलवर अडकलो होतो तेव्हा मला त्यातलाच एक मराठी व्हिडिओ सापडला. ‘आता एंटर दाबा’ हे कुणीतरी शांतपणे मराठीत सांगतंय आणि मी थांबवून, मागे नेऊन परत ऐकतोय. वर्गात तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, व्हिडिओला तिसऱ्यांदा विचारायला कसली लाज? तेव्हा माझी गाडी रुळावर आली. आज मी बोलून हे सगळं सांगतोय त्याचं मूळही तिथेच असेल.

रात्री साडेबारा

तर बहीण. मी तिला विचारलं, “तीन तासांत पहिलं काय केलंस?” म्हणाली, “जुना पायथन काढला. मित्र म्हणाला जुना आहे.” लक्षात आलं ना? आचारी बदलला, वही जुनी. तिला टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप करायला सांगितली: पायथन हायफन एम आयपायकर्नल इन्स्टॉल, मग दोन हायफन आणि युजर. वहीत नवा पत्ता चढला. तिने पान रिफ्रेश केलं. लाल अक्षरं गेली. फोनवर काही सेकंद नुसता श्वास ऐकू आला.

मग ती मनापासून कामाला लागली. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना सापडलेली ती गंमत तुम्हाला माहीत असेल. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. १९४७ घेऊ. ९७४१ वजा १४७९, ८२६२. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४. तिथून पुढे कितीही करा, ६१७४ च.

तिचा प्रोग्रॅम ६१७४ ला पोचत होता, पण १००० ला अडकला. तिथे उत्तर शून्य. मी म्हटलं, आता हा इन्स्टॉलेशनचा एरर नाही, हा तुझा आहे, तूच शोध. वीस मिनिटांनी मेसेज आला. १००० वजा १ म्हणजे ९९९, आणि पायथनला ती तीन अंकी संख्या वाटत होती. पुढचा शून्य लावून ०९९९ केलं की झालं. ९९९०, वजा ९९९, आणि गाडी सुरळीत ६१७४ ला. मग तिने सगळ्या संख्या चालवल्या. जास्तीत जास्त सात पायऱ्या, एकही अपवाद नाही. रात्रीचा दीड वाजला होता आणि ही पोरगी मला आलेखाचे फोटो पाठवत होती.

कापरेकरांकडे कम्प्युटर नव्हता, पदव्युत्तर पदवी नव्हती, कागद आणि पेन्सिल होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जग त्यांच्याकडे वळून बघू लागलं. त्यांचं काम तपासायला मात्र कुणालाही, कधीही, परवानगी लागली नाही. नॉयब्यूझर यांचा मुद्दा हाच तर होता.

तुमच्याकडे लॅपटॉप नसेल तरी आजचा गृहपाठ चुकवता येणार नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये सेजमॅथसेल शोधा. काहीही इन्स्टॉल करायचं नाही, एक रिकामा चौकोन मिळतो. तिथे दोन, टोपी, दहा टाइप करून बघा. १०२४ आलं की तुमची जन्मसाल घ्या आणि कापरेकरांच्या वाटेने निघा. किती पायऱ्या लागल्या ते मला कळवा. अडलात तर एररचा पूर्ण स्क्रीनशॉट पाठवा, शेवटच्या ओळीसकट, कारण बहुतेक वेळा खरं कारण त्या शेवटच्या ओळीतच असतं.

बहिणीने पेपर सोडलेला नाही. परवा तिच्या वर्गातल्या एकीला कर्नल एरर आला, तेव्हा तिने तिला आधी काय विचारलं असेल? “जुना पायथन काढलास का?”

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि ती काळी खिडकी बंद करू नका.